थेरपीचा गृहपाठ

थेरपीचं नाव काढलं की घरातून हमखास प्रश्न येतो, "नुसतं बोलून काय होणार?" आणि पाठोपाठ, "बोलायचंच तर आम्ही आहोत ना!" प्रश्न रास्त आहे. दर खेपेला फी मोजून परक्या माणसापुढे घरातलं उघडं करायचं, तर त्यातून काय पदरात पडणार हे विचारायलाच हवं. गोळी पोटात जाऊन काहीतरी करते असं आपण धरून चालतो. बोलणं नेमकं काय करतं, हे मात्र आम्ही डॉक्टर मंडळीही फारसं समजावून सांगत नाही.

मला सर्वांत पटणारं उत्तर गोव्यातून आलं आहे. 'संगाथ' या संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर चाचणी घेतली. 'लॅन्सेट'ने ती २०१७मध्ये छापली. एका गटाला केंद्रातले उपचार थोडे सुधारून दिले, दुसऱ्याला त्यांच्या जोडीला सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे मानसतज्ज्ञ नव्हते, थोडं प्रशिक्षण दिलेले स्थानिक रहिवासी होते. तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, दुसऱ्या गटात ३९ टक्के. मोठ्या पदवीशिवाय, एवढ्या थोड्या बैठकांत हे झालं कसं?

त्या बैठकांत गप्पांपेक्षा गृहपाठ महत्त्वाचा होता. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो आणि काम सुटलं की मन आणखी खचतं. ही गाठ कामाच्या टोकाकडून सोडवायची, अशी ती पद्धत. घरी करायचा तक्ता अगदी साधा असतो. सकाळी सात ते आठ : अंथरुणात, मन दहापैकी दोन. संध्याकाळी सहा ते सात : बहिणीला फोन, मन चार. आठवडाभर असं लिहिलं की 'मला कशानेच बरं वाटत नाही' हे वाक्य खरं नाही, हे स्वतःच्याच अक्षरात दिसतं. मग पुढच्या आठवड्यात फोन दोनदा, सकाळी कोपऱ्यापर्यंत चालणं. दुसऱ्या काही पद्धतींत असाच तक्ता विचारांचा असतो : साहेबांनी नमस्कार घेतला नाही, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. मैत्रीण जीव लावून ऐकते, पण ती मागच्या मंगळवारचा तक्ता मागत नाही; आणि मागितला तर मैत्री राहील का, हाही प्रश्नच.

चौकस वाचक इथे अडवतील की ३९ टक्के लोक बैठकांशिवायही सावरलेच की! खरं आहे. १९५२मध्ये हान्स आयझेंक या मानसशास्त्रज्ञाने हाच मुद्दा मांडून खळबळ उडवली होती : बरेच लोक काळाच्या ओघात आपोआप बरे होतात, मग श्रेय थेरपीला का द्यायचं? म्हणून तर तुलनेसाठी दुसरा गट लागतो. इथे फरक शंभरात पंचवीस जणांचा पडला, आणि तो काळाच्या खात्यावर टाकता येत नाही, कारण काळ दोन्ही गटांना सारखाच मिळाला होता. शंभरातल्या छत्तीस जणांना बैठका घेऊनही पूर्ण आराम पडला नाही, हेही त्याच आकड्यांत आहे. त्यामुळे चार-सहा बैठकांनंतर तसूभरही फरक नसेल तर थेरपिस्टला तसं स्पष्ट विचारा; पद्धत बदलता येते, माणूसही. यात कसलाही अपमान नाही.

गोळ्या आणि थेरपी यांत भांडण लावू नये. झोप, भूक पार गेली असेल तर आधी औषध लागू शकतं. मन थोडं उभं राहिलं की तक्ता भरणं जमतं. औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. थेरपी देणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच कसला? सोनाराकडे आपण हॉलमार्क बघतोच.

"लोकांना कळलं तर?" ही भीती मोठी आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यावर बंधनकारक केलं आहे. जिवाला धोका असेल अशा वेळी त्याला अपवाद आहे, आणि तो कधी लागू होतो हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. थेरपीची सवय लागेल ही धास्ती उलट माझ्या लेखी सर्वांत कच्ची : गृहपाठ देणारा मास्तर तुम्हाला आपल्यावाचून चालावं म्हणूनच तो देतो. वर्षानुवर्षं भेटी चालू आहेत आणि कशासाठी हे दोघांनाही सांगता येत नाही, तेव्हा मात्र शंका घ्यावी.

जीव नकोसा वाटण्याइतकी वेळ आली असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघत बसू नका. सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. एरवी पहिल्या भेटीला जाताना फक्त गेल्या आठवड्याची झोप आणि सुटलेली कामं एका कागदावर लिहून न्या.