सरासरीवर केलेली सही
‘पोरॉसिटी एक टक्क्याच्या आत. माल सोडा.’ ही सही माझीच. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीत मी तेव्हा क्वालिटी सांभाळायचो. दिवस पावसाळ्याचे होते. माल म्हणजे एलएम२५ अ‍ॅल्युमिनियमचा, टी६ हीट ट्रीटमेंट केलेला इंजिनचा ब्रॅकेट. टेस्ट बार पास झाला होता, पण भाराची दहा लाख आवर्तनं सोसायला हवा असा ब्रॅकेट ग्राहकाच्या फटीग बेंचवर पावणेदोन लाखांतच तुटला.

तुटलेला तुकडा भिंगाखाली धरला. मशिनिंग केलेल्या गोलाईला खेटून अर्ध्या मिलिमीटरचं भोक होतं आणि तिथूनच शिंपल्यावर असतात तशी वलयं पसरली होती. वायूचं भोक आतून गुळगुळीत असतं. यात मात्र डेन्ड्राइटचे, म्हणजे गोठताना फांद्यांसारख्या वाढणाऱ्या स्फटिकांचे, गोलसर शेंडे दिसत होते, म्हणजे ही श्रिंकेजची पोकळी. जाड भाग गोठताना त्याला वितळलेला रस कमी पडला होता. कास्टिंगची कातडी घट्ट असते. ती आम्हीच कटरने सोलली आणि आतलं भोक वर आणून ठेवलं.

एकदाच ओढून तोडताना असं भोक फारसं नडत नाही. भार लाखो वेळा येऊन जातो तेव्हा मात्र तडा सुरू व्हायला एकच मोठं भोक पुरतं, त्यातही ते पृष्ठभागाजवळ असेल तर विचारायलाच नको. पोरॉसिटीच्या, म्हणजे पोकळ्यांच्या, सरासरी टक्क्यात तेच दडून बसतं.

म्हणून सांगतो, ताण पडतो त्या जागी मोठ्यात मोठं किती भोक चालेल, हे ड्रॉइंगवर लिहून घ्या. वेगळा ओतलेला टेस्ट बार रसाची प्रत सांगतो, जाड भागाची नाही. नमुना कास्टिंगमधूनच कापा. जाड भागाला रायझर (रस पुरवणारा साठा) किंवा चिल (लवकर थंड करणारा धातूचा ठोकळा) द्या आणि ताणाच्या जागी मशिनिंग कमीत कमी ठेवा. एक्स-रेवरही विसंबू नका, बारीक पोकळी त्यातून निसटते.

पावसाळ्यात हायड्रोजन दमटपणातून रसात शिरतो. रसात मावतो त्याच्या जेमतेम विसावा हिस्सा गोठलेल्या धातूत मावतो. उरलेला भोकं पाडतो आणि श्रिंकेजच्या पोकळ्याही फुगवतो. इन्गट, पळ्या, फ्लक्स तापवून कोरडे करा. डीगॅसिंग करून रसातला वायू काढला की कमी दाबाखाली गोठवलेल्या नमुन्याची घनता पाहा, मगच ओता.

आता मी ड्रॉइंगवर त्या गोलाईभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढतो. तिथून कापलेला तुकडा टेबलावर येईपर्यंत पेनचं टोपण काढत नाही.