पॅकेज फुकट, भरवसा कोणाचा?

प्रश्न : माझा एम.एस्सी. (कृषी)चा प्रयोग सोयाबीनवर आहे. सात ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, साधी आरबीडी. सीनियर म्हणाले, विश्लेषण 'आर'मध्ये कर, 'अ‍ॅग्रिकोले' पॅकेज उतरवून घे. उतरवलं, चाललंही. पण आर उघडलं की पडद्यावर पहिल्यांदा हेच येतं, की या सॉफ्टवेअरला कसलीही हमी नाही. मग ही पॅकेजं लिहितं कोण? तपासतं कोण? फुकट मिळालेल्या उत्तरावर प्रबंध उभा करायचा कसा?
– एक विद्यार्थी, राहुरी

उत्तर : ती ओळ कायद्याची आहे, गणिताची नव्हे. आर 'जीपीएल' या मुक्त परवान्याखाली वाटलं जातं आणि त्या परवान्यात हमी नाकारलेली असते. पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा करारनामा बारीक अक्षरांपर्यंत वाचलात, तर तिथेही कंपनी तुमच्या चुकलेल्या निष्कर्षाची जबाबदारी सहसा घेत नाही. आर ते तोंडावर सांगतं, इतकंच. तेव्हा ती ओळ सोडा. लिहितं कोण आणि तपासतं कोण हे तुमचे प्रश्न जास्त मोलाचे आहेत.

आर जन्मलं न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांना आपल्या प्रयोगशाळेतल्या मॅकिंटॉश संगणकांवर संख्याशास्त्र शिकवण्याजोगं काही हवं होतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ पासून घडवलेली 'एस' ही भाषा त्यांच्यासमोर होती. तिच्याच वळणाची भाषा त्यांनी नव्याने लिहिली. १९९३ मध्ये तिच्या प्रती बाहेर पडल्या, १९९५ मध्ये मूळ कोड सगळ्यांना खुला झाला आणि १९९७ मध्ये व्हिएन्नात कुर्ट हॉर्निक आणि फ्रिड्रिख लाइश यांनी 'क्रॅन' हे पॅकेजांचं भांडार सुरू केलं. तेव्हा त्यात डझनभर पॅकेजं होती. आज वीस हजारांहून जास्त आहेत.

पॅकेज म्हणजे ठरलेल्या पद्धतीने रचलेलं एक फोल्डर. त्यात आकडेमोड करणारी फंक्शन्स असतात, प्रत्येक फंक्शनचं मदतपान असतं, सरावासाठी आकडे असतात. शिवाय 'डिस्क्रिप्शन' नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात लेखकांची नावं, परवाना, हे पॅकेज आणखी कोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे त्यांची यादी आणि 'मेंटेनर' म्हणजे देखभाल करणाऱ्याचं नाव आणि ई-मेल दिलेला असतो. निनावी पॅकेज क्रॅनवर चालत नाही.

तुमच्या अ‍ॅग्रिकोलेची ती फाइल उघडून बघा. नाव दिसेल फेलिपे दे मेंदिबुरू. हे पेरू देशातले संख्याशास्त्रज्ञ. लिमा शहरातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्रात आणि तिथल्याच ला मोलिना कृषी विद्यापीठात त्यांनी काम केलं. या पॅकेजची मूळ कल्पना त्यांनी मांडली ती स्वतःच्या मास्टर्सच्या प्रबंधात. म्हणजे तुम्ही ज्या पायरीवर उभे आहात, त्याच पायरीवरच्या एका विद्यार्थ्याच्या कामातून हे पॅकेज आलं आहे. प्लॉटांची यादृच्छिक मांडणी काढून देणं, स्प्लिट प्लॉटपासून लॅटिन स्क्वेअरपर्यंतच्या रचना, मग सरासऱ्यांची तुलना, असं शेतीप्रयोगाला लागणारं बहुतेक सगळं त्यात आहे.

बाकीची मोठी पॅकेजंही अशीच गरजेपोटी आली. रुग्ण उपचारानंतर किती काळ जगले याचं विश्लेषण करणारं 'सर्व्हायव्हल' मेयो क्लिनिकमधल्या टेरी थर्नो यांनी लिहिलं. आलेखांसाठी जगभर वापरलं जाणारं 'जीजीप्लॉट२' हॅडली विकॅम यांच्या पीएच.डी.च्या दिवसांतलं. यातल्या बहुतेकांचा पगार विद्यापीठ, इस्पितळ किंवा संशोधन संस्था देते, आणि नवी पद्धत शोधणाऱ्याला ती लोकांनी वापरावी, आपल्या लेखाचा संदर्भ द्यावा असं वाटतंच. फुकट आहे ते तुमच्यासाठी. कोणाच्या तरी वेळेची किंमत कुठेतरी मोजली गेलेली असते.

आता तपासणीकडे येऊ. क्रॅनवर पॅकेज पाठवलं की यंत्र त्याची ठरावीक चाचणी घेतं. प्रत्येक फंक्शनला मदतपान आहे का, दिलेली उदाहरणं न अडखळता चालतात का, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतात का, हे बघितलं जातं. नवं पॅकेज असेल तर स्वयंसेवक स्वतः नजर टाकतात. जुन्या पॅकेजची नवी आवृत्ती आली, तर तिच्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजं कोलमडत नाहीत ना, हेही पाहतात. एकदा पास झालं म्हणजे कायमचं सुटलं असं नाही; चाचण्या पुन्हा पुन्हा चालूच राहतात. बिघाड दिसला की मेंटेनरला पत्र जातं, मुदत दिली जाते. मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर पॅकेज भांडारातून काढून जुन्यांच्या दप्तरात टाकतात.

पण या सगळ्यात एक गोष्ट कोणी तपासत नाही : आतलं संख्याशास्त्र तुमच्या प्रयोगाला लागू आहे का. क्रॅनचा शिक्का हा आरटीओच्या पासिंगसारखा आहे. गाडी रस्त्यावर धावायला ठीक आहे एवढं तो सांगतो. तुम्हाला नगरला जायचंय आणि तुम्ही नाशिकचा रस्ता धरलाय, हे त्याला कळत नाही.

तुमच्याच प्रयोगात हे कसं घडू शकतं ते बघा. सात ट्रीटमेंट, तीन रेप्लिकेशन, म्हणजे २१ प्लॉट. अ‍ॅनोव्हाच्या कोष्टकात डिग्रीज ऑफ फ्रीडम यायला हव्यात त्या अशा : रेप्लिकेशनला २, ट्रीटमेंटला ६, एररला १२, एकूण २०. समजा एक्सेलमध्ये तुम्ही ट्रीटमेंटच्या रकान्यात १, २, ३ ते ७ असे आकडे भरले आणि रेप्लिकेशनलाही १, २, ३. आरला ते खरोखरचे आकडे वाटतात. सातवी ट्रीटमेंट पहिलीच्या सातपट आहे असं धरून ते सरळ रेषा बसवतं. कोष्टकात ट्रीटमेंटसमोर ६ ऐवजी १ येतो, रेप्लिकेशनसमोरही १, आणि एररला १८. पडद्यावर ना लाल अक्षरं, ना इशारा. कोष्टक दिसायला अगदी नीटनेटकं, आणि पार चुकीचं. उपाय एका ओळीचा आहे : दोन्ही रकाने 'फॅक्टर' करून घ्या, किंवा मुळातच टी१, टी२, आर१, आर२ अशी नावं भरा. आणि एफची किंमत वाचण्याआधी डिग्रीज ऑफ फ्रीडम वाचायची सवय लावा. त्या तुम्हाला कागदावर काढता येतात, त्यामुळे तिथे कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही.

दुसरी जागा सरासऱ्यांच्या तुलनेची. सात ट्रीटमेंटच्या जोड्या होतात २१. एलएसडी, म्हणजे आपल्याकडची सीडी, प्रत्येक जोडी सुटी धरून ५ टक्क्यांवर तपासते. २१ वेळा तपासलं की योगायोगाने एखादा फरक 'लक्षणीय' ठरण्याची शक्यता बरीच वाढते. टुकीची पद्धत सगळ्या जोड्या मिळून ५ टक्क्यांचं बंधन पाळते. अ‍ॅग्रिकोलेत दोन्ही आहेत, डंकनही आहे. कोणती वापरायची हे पॅकेज सांगणार नाही. ते प्रयोग आखतानाच ठरवून लिहून ठेवा. तीनही चालवून बघायच्या आणि जिच्यात आपली ट्रीटमेंट वर येते ती निवडायची, हा उद्योग नको.

मग पॅकेजवर भरवसा ठेवायचा कशावरून? तीन गोष्टी बघा. मेंटेनर कोण, आणि शेवटची आवृत्ती कधीची. त्या पद्धतीवर लेखकाचा शोधनिबंध किंवा पुस्तक आहे का. आणि सगळ्यांत खात्रीची तिसरी : उत्तर आधीच माहीत असलेलं उदाहरण चालवून बघा. कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पानसे आणि सुखात्मे यांचं पुस्तक असतंच. त्यातलं सोडवलेलं उदाहरण जसंच्या तसं भरा, पुस्तकातलं कोष्टक आणि पडद्यावरचं कोष्टक शेजारी ठेवा. जुळलं तर पॅकेजही कळलं आणि आपण ते नीट चालवतोय हेही. पायापासून शिकायचं असेल तर पुण्याच्या सुधा पुरोहित, शरद गोरे आणि शैलजा देशमुख या संख्याशास्त्राच्या अभ्यासकांनी आरवर लिहिलेलं इंग्रजी पाठ्यपुस्तक आहे, आणि आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाचं शिक्षणसाहित्य मोफत मिळतं.

एक शेवटचं : अ‍ॅनोव्हाचं कोष्टक काढायला अ‍ॅग्रिकोले लागतच नाही. ते फंक्शन आरच्या सोबत येणाऱ्या 'स्टॅट्स' पॅकेजमध्ये आहे आणि त्याची देखभाल आरचा मूळ गट करतो. हाताशी आहे त्यात भागत असेल तर वरून पॅकेज चढवू नका.

प्रश्न : जनावरांनी एक प्लॉट खाल्ला, त्यामुळे एक आकडा कमी. सरांनी एसपीएसएसमध्ये काढलेलं उत्तर आणि माझं आरचं उत्तर जुळत नाही. चूक कोणाची?
– एक विद्यार्थिनी, अकोला

उत्तर : बहुधा कोणाचीच नाही. सगळे प्लॉट भरलेले असताना 'सम ऑफ स्क्वेअर्स' कसंही वाटा, उत्तर एकच येतं. एक प्लॉट गेला की तोल जातो आणि वाटणीच्या पद्धतीला महत्त्व येतं. आरचं नेहमीचं अ‍ॅनोव्हा क्रमाने वाटतं, म्हणजे सूत्रात जे नाव आधी त्याला आधी. याला टाइप १ म्हणतात. एसपीएसएस सांगितलं नाही तर टाइप ३ वापरतं. तुम्ही सूत्रात ट्रीटमेंट आधी लिहिली असणार. रेप्लिकेशन आधी आणि ट्रीटमेंट नंतर लिहा. साध्या आरबीडीत ट्रीटमेंटची ओळ सरांच्या ओळीशी जुळेल. त्यातही हेच उत्तर बरोबर, कारण ब्लॉकांमधला फरक आधी बाजूला काढूनच ट्रीटमेंट तोलायची असते.

फॅक्टोरियल प्रयोग असेल तर मात्र क्रम बदलून भागत नाही. तिथे जॉन फॉक्स यांचं 'कार' पॅकेज घ्या. त्यातलं अ‍ॅनोव्हा टाइप २ आणि टाइप ३ दोन्ही देतं. पण टाइप ३ मागण्याआधी आरमधले 'कॉन्ट्रास्ट' बेरीज शून्य येणाऱ्या प्रकारावर ठेवावे लागतात. ते न करता मागितलं तर आकडे येतात, अर्थ लागत नाही.

प्रश्न : प्रबंधात 'विश्लेषण आरमध्ये केले' एवढं लिहिलं तर पुरेल का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : नाही. आरची आवृत्ती, प्रत्येक पॅकेजचं नाव आणि त्याची आवृत्ती, तिन्ही लिहा. 'सेशन इन्फो' ही आज्ञा दिली की ही सगळी माहिती एकत्र मिळते, आणि 'सायटेशन' ही आज्ञा पॅकेजचा संदर्भ कसा द्यायचा ते तयार वाक्यासह दाखवते.

आवृत्तीचं एवढं काय, असं वाटेल. यादृच्छिक निवड करणाऱ्या फंक्शनमध्ये एक बारीक दोष होता. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० आवृत्तीत तो काढला. त्यामुळे तोच 'सीड' देऊनही आधीची आणि नंतरची आवृत्ती वेगवेगळी निवड देऊ शकतात. प्लॉटांची मांडणी जुन्या संगणकावर काढली असेल आणि आज नव्यावर तीच पुन्हा काढून दाखवायची वेळ आली, तर ती जुळणार नाही, आणि आवृत्ती लिहिलेली नसेल तर का जुळत नाही हे सांगताही येणार नाही.

कच्चे आकडे आणि कोड, दोन्ही परिशिष्टात जोडा. त्याआधी दोन्ही फाइली एखाद्या मित्राला द्या आणि त्याच्या संगणकावर कोष्टक पुन्हा निघतं का ते बघा. चूक असेलच तर ती तोंडी परीक्षेच्या आधी सापडलेली बरी.