भिंत वायरने ओलांड

पुणे

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. मीटिंग मध्येच तुटते, ऑफिसचं ऐकून घ्यावं लागतं, म्हणून राजापूरचं घर सोडून रत्नागिरीत खोली घ्यावी का, असं विचारतेस. इतक्यात तसं करू नकोस. आजी एकटी पडेल हे तर आहेच. पण तुझी अडचण दूर होण्यासारखी आहे, आणि त्यासाठी घराचा एकही चिरा हलवावा लागणार नाही.

आधी दोष कुठे आहे ते बघ. ओटीवरच्या राउटरला लॅपटॉप लॅनच्या वायरने थेट जोड आणि वेग मोज. तिथेच तो कमी भरला, तर दोष बाहेरून येणाऱ्या लाइनचा. मग कंपनीकडे तक्रार कर, घरात काहीही विकत आणू नकोस. तिथे पूर्ण वेग मिळाला आणि मागच्या खोलीत मिळत नसेल, तर दोष भिंतींचा. एवढंही न पाहता लोक महागडे राउटर आणून पैसे घालवतात, त्याचं मला वाईट वाटतं.

माझा अंदाज भिंतींचाच. आपलं घर जांभ्याचं, भिंत दीड फुटाची. राउटरमधून दोन प्रकारच्या लहरी निघतात. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. लांब लहर भिंतीतून थोडी तरी पार होते. आखूड लहर वेग जास्त देते, पण दगडात लवकर विरते. त्यात जांभा सच्छिद्र, आषाढात तो पाणी पितो, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. मे महिन्यात कसंबसं चालणारं वायफाय पावसात बसलं, त्याचं एक कारण हे असू शकतं. शिवाय लहर भिंतीतून तिरपी गेली की तिच्या वाटेत दगड वाढतो. ओटीवरून तुझ्या कोपऱ्यातल्या खोलीकडे जाताना दीड फुटाची भिंत तिला तीन फुटांची पडू शकते.

म्हणून भिंत वायरने ओलांडायची आणि वायफायकडून खोलीपुरतंच काम घ्यायचं. दुकानदार रिपीटर घे म्हणेल. स्वस्तातला रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्म्यावर येतो. आणि तो तुझ्या खोलीत ठेवलास, तर त्याला स्वतःलाच नीट ऐकू येणार नाही. मेशचे डबे चांगले असतात, पण अशा घरात तेही एकमेकांना वायरने जोडले तरच भरवशाचे.

वायर न्यायची माळ्यावरून. आपल्याकडे मधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नाहीत. माळ्याशी संपतात आणि वर वाशांखाली सगळं मोकळं आहे. ओटीवरून वायर वर चढव, माजघरावरून ने आणि तुझ्या खोलीत तक्तपोशीच्या फटीतून खाली सोड. वायर कॅट-सिक्स घे, आणि निखळ तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, तिला हात लावू नकोस. सलग १०० मीटरपर्यंत ही वायर चालते, आपल्याला त्याच्या निम्मीही लागणार नाही. माळ्यावर उंदीर आहेत, तेव्हा ती पीव्हीसी पाइपातूनच जाऊ दे, आणि विजेच्या वायरीपासून वीतभर लांब ठेव. पुढेमागे गोठ्याकडच्या खोलीत नेट न्यायचं मनात आलं, तर अंगणावरून तांब्याची वायर अजिबात टाकू नकोस. कोकणातल्या विजा तू पाहिल्या आहेस. तिथे धातूची तार नसलेलं फायबर टाक. काचेतून वीज वाहत नाही.

खोलीत वायरच्या टोकाला जुना राउटरसुद्धा चालेल. तो ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेव, आणि दोन्हीकडे नाव-पासवर्ड एकच दे, म्हणजे घरात फिरताना आजीचा फोन आपोआप जवळचा धरेल. लोखंडी कपाटावर किंवा आरशामागे तो ठेवू नकोस. उंच, मोकळ्या जागी ठेव. तुझा ऑफिसचा लॅपटॉप मात्र वायरलाच लावत जा. मीटिंगच्या वेळी त्याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाही.

लाइट गेली तरी नेट राहावं म्हणून दोन्ही राउटरना छोटा यूपीएस हवा. बाहेरची फायबर लाइन वेगळ्या डब्यात येत असेल, तर त्यालाही. अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट वाचून मगच घे. बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात, पण सगळ्यांना नाही.

या रविवारी माळ्यावर चढून सुतळीने माप घे आणि कळव. वायर आणि तिची टोकं बसवायची क्रिंपिंगची पक्कड मी इथून घेऊन येतो. तोवर खोली बघायला जाऊ नकोस. तुझ्या आजीला माझा नमस्कार.

तुझा,
मामा