बोट हीच किल्ली

मुलांनो, साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पूर्वी दिवस मावळला, की गडाचे दरवाजे बंद होत. शिवाजी महाराजांच्या राज्यात प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी असत. तिघांचा दर्जा सारखा असे. कारभार तिघांनी मिळून करायचा. एकटा फितूर झाला, तरी गड शत्रूच्या हाती जाऊ नये, म्हणून ही व्यवस्था होती.

गडाचे मोठे दरवाजे मोजकेच असत. आता अशी जागा डोळ्यांपुढे आणा, जिथे दरवाजे पंधरा आहेत आणि किल्ली एकही नाही. सांगली जिल्ह्यातील तासगाव बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. हा बेदाणा शीतगृहात साठवतात. समजा, तेथे एका व्यापाऱ्याच्या शीतगृहाला दहा दरवाजे आहेत. साताऱ्यात त्याचे दुकान आहे, त्याला आणखी पाच. सर्व दरवाजांना इलेक्ट्रॉनिक कुलपे बसवली आहेत. (‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून मराठीत आला. उर्दूतला ‘कुफ्ल’ तुम्हांला ठाऊक आहेच.) कुलपावर एक छोटीशी काच असते. तिच्यावर बोट ठेवले, की दार उघडते.

कुलपाला बोट ओळखता कसे येते? आपल्या बोटांच्या टोकांवर बारीक रेघा असतात. कोणाच्या बोटावर भोवरा असतो, कोणाच्या बोटावर फास, तर कोणाच्या बोटावर कमान. रेघा मध्येच संपतात, मध्येच त्यांना फाटे फुटतात. जुळ्या भावंडांचे ठसेसुद्धा सारखे नसतात. या ठशांची नीट वर्गवारी लावण्यात आपल्या देशातील दोघांचा मोठा वाटा आहे. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे ते दोघे. हक हे गणिताचे जाणकार होते. त्यांनी ठशांसाठी १०२४ कप्प्यांची पद्धत बसवली. १८९७ साली कलकत्त्यात ठसे तपासण्याचे कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मात्र पडले त्यांच्या इंग्रज साहेबाचे, ‘हेन्री पद्धत’!

आता पुन्हा तासगावला येऊ. नवा कामगार आला, की त्याच्या बोटाची नोंदणी करावी लागते. सगळी काळजी घ्यायची ती येथेच. काही ठिकाणी माणसाला प्रत्येक दरवाजापाशी नेऊन बोट ठेवायला लावतात. ते कंटाळवाणे असतेच, शिवाय धोक्याचेही असते. दहाव्या दरवाजापाशी गडबडीत कोणी परका आपले बोट ठेवून गेला, तर कोणाला कळणार? म्हणून नोंदणी एकदाच आणि एकाच जागी करावी. त्या वेळी दोघे जण हजर असावेत. एकाने ओळखपत्र पाहून माणूस तोच आहे, अशी खात्री करून घ्यावी. दुसऱ्याने यंत्र चालवावे. गडावरची जुनी रीत येथेही उपयोगी पडते. बोट तीन-चार वेळा ठेवून घ्यावे. दुसऱ्या हाताच्याही एका बोटाची नोंद करावी, कारण जखम काही विचारून होत नाही.

चांगले यंत्र बोटाचे चित्र साठवून ठेवत नाही. रेघा कोठे संपतात आणि कोठे फुटतात, एवढेच ते आकड्यांत टिपून घेते. या नोंदीला साचा म्हणतात. साच्यावरून ठसा पुन्हा तयार करणे अवघड आहे, पण अशक्य नाही. म्हणून साचा गुप्त लिपीत बदलूनच तासगावहून साताऱ्याला पाठवायचा. ती लिपी उलगडण्याची खूण फक्त त्या कुलपांनाच माहीत असावी. म्हणजे किल्ली शेवटी उरलीच म्हणायची!

साचा सगळ्याच दरवाजांकडे पाठवण्याचे कारण नाही. हमालाला गोदामाचे दोन दरवाजे पुरतात. हिशेबाच्या खोलीच्या कुलपाने त्याला ओळखलेच नाही, तर त्याचे काही अडत नाही. उलट, उद्या तेथून काही हरवले, तर त्याच्यावर नाहक आळ येत नाही.

एवढी काळजी कशासाठी? पितळेची किल्ली हरवली, तर कुलूप बदलता येते. बोट कोठून बदलणार? २०१५ साली अमेरिकेत सरकारी नोकरांच्या माहितीची मोठी चोरी उघडकीस आली. तीत सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे गेले. त्या लोकांना नवी बोटे कोणी दिली नाहीत. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. म्हणून ठसा घेण्यापूर्वी, तो कशासाठी हवा आणि कोठे राहणार, हे कामगाराला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

काही हातांचे ठसे उमटतच नाहीत. वर्षानुवर्षे पोती उचलणारे हमाल, ऊसतोड करणारे मजूर, भांडी घासणाऱ्या बायका यांच्या बोटांच्या रेघा झिजून जातात. वय झाले, की कातडी कोरडी पडते. असा म्हातारा हमाल पहाटे दारापाशी उभा राहतो. बोट पुसतो, पुन्हा ठेवतो, आणि कुलूप लाल दिवा दाखवते. चोर तो नव्हे, पण चारचौघांत मान खाली घालावी लागते त्याला. अशा माणसाला नोंदणीच्या दिवशीच कार्ड आणि गुप्त आकडा द्यावा. तो मेहेरबानी म्हणून देऊ नये. श्रमाने रेघा झिजल्या, त्यात त्याचा काय दोष?

हाच हमाल एक दिवस काम सोडून गावी जातो. मग त्याचा साचा मुख्य संगणकातून पुसायचा, आणि ज्या ज्या दरवाजाकडे तो पाठवला होता, तेथूनही पुसायचा. त्या दिवशी वीज गेल्यामुळे एखादे कुलूप बंद असेल, तर त्याचा क्रमांक वहीत लिहून ठेवायचा. वीज आली, की आधी तेथला साचा पुसायचा, मगच ते दार वापरायला घ्यायचे.