आपत्तीनंतरचा नेम

संकटातून गेलेला माणूस आतून मोठा होतो काय, हा प्रश्न सत्संगात वरचेवर निघतो. निघाला की तुकोबांचे उदाहरण ठरलेलेच. उदाहरण योग्यच आहे. पण आपण ते अर्धेच सांगतो, असे आम्हांस वाटते.

१६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दुकान बसले, पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. या साऱ्याबद्दल त्यांनी पुढे देवाचे उपकार मानले. कीर्तनात आपण इथवर येतो न् गजर करतो. पण मधल्या काळाचे काय? तेही त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. पडके देऊळ दुरुस्तीला घेतले, एकादशीला कीर्तन धरले, संतांची वचने पाठ केली, दुसरा गात असता मागे उभे राहून ध्रुपद म्हटले. म्हणजे हाताला काम, तिथीला नेम, सोबतीला चार माणसे. आणि उपकाराचा शब्द आला तो ज्याचे गेले त्याच्याच तोंडून.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून किल्लारी परिसर निजला होता. ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या जड भिंती अंगावर आल्या. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली. पत्र्याच्या शेडात बसलेल्या आईला "यात तुझे भलेच आहे" असे सांगणे ही भक्ती नव्हे. आपले घर शाबूत असले की दुसऱ्याच्या ढिगाऱ्यातून अर्थ काढायला काय लागते!

अमेरिकेतील टेडेशी व कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली अशी वाढ मोजण्यासाठी प्रश्नावली केली. त्यांचेही म्हणणे हेच की, वाढ आघाताने होत नाही, त्याच्याशी झगडताना होते. आणि ती झाली म्हणून दुःख सरते असे नाही.

तेव्हा पुराने वा दरडीने मोडलेल्या गावी आपली मंडळी गेली तर आधी गाळ उपसावा, चूल पेटते का ते पाहावे. सांजेचा हरिपाठ नेहमीच्या वेळेला, वीणा गावच्याच माणसाच्या गळ्यात देऊन लावावा. कुणाचा कंठ दाटला तर मागच्यांनी चरण उचलून धरावा. महिना उलटला तरी कुणाला झोप नाही, अन्न जात नाही, तर "नाम कमी पडले" म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावे. जीव नकोसा झाला असे बोलला तर त्याच दिवशी न्यावे, आणि आपल्यापैकी एकाने सोबत जावे.