ऐकावें जनाचें, करावें मनाचें : संगणक-खेळांच्या लहान कर्त्यांचा एक अभ्यास



‘ऐकावें जनाचें, करावें मनाचें’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. लोकांना बोलूं द्यावें आणि आपण आपल्या मर्जीस येईल तें करावें, असा तिचा अर्थ पुष्कळ जण करतात. परंतु तसा अर्थ केला तर म्हणीचा पूर्वार्ध फुकट जातो. ऐकणें हें एक काम आहे, आणि ऐकलेल्याचा विचार करून निर्णय घेणें हें दुसरें. दोन्ही नीट केलीं तरच म्हण सार्थ होते. हें तत्त्व आज ज्या एका धंद्यांत रोज कसोटीला लागतें, तो तुमच्या परिचयाचा आहे. मोबाइलवर व संगणकावर तुम्ही जे खेळ खेळतां, ते रचणाऱ्यांचा तो धंदा. त्यांपैकीं लहान व स्वतंत्र कर्त्यांचा, म्हणजे ज्यांना ‘इंडी’ कर्ते म्हणतात त्यांचा, या लेखांत विचार करूं.

मोठ्या कंपनींत एकेका खेळावर शेंकडों माणसें राबतात. जाहिरातीला वेगळें खातें असतें, तक्रारी घेण्यास वेगळें. इंडी कर्ता म्हणजे कधीं एकटा मनुष्य, कधीं दोघे भाऊ, तर कधीं दहापंधरा जणांचा चमू. चित्रें तेच काढतात, हिशेब तेच लिहितात आणि आलेल्या पत्रांना उत्तरेंही तेच देतात. कुंभारानें मडकें विकलें कीं त्याचा त्या मडक्याशीं संबंध सुटतो. खेळाचें तसें नाहीं. विकलेल्या खेळांतही इंटरनेटवरून दुरुस्ती करतां येते, आणि म्हणूनच ती व्हावी असा आग्रह घेणारा धरतो. ‘स्टीम’ नांवाचें खेळांचें एक मोठें दुकान इंटरनेटवर आहे. तेथें गिऱ्हाइकाला आपलें अनुकूल किंवा प्रतिकूल मत नोंदवितां येतें, आणि त्या मतांची गोळाबेरीज पुढच्या गिऱ्हाइकाच्या नजरेस आधीं पडते. शिवाय ‘डिस्कॉर्ड’, ‘रेडिट’ अशा ठिकाणीं खेळाडूंचे मेळे जमतात व रात्रंदिवस चर्चा चालते. लहान कर्त्याची भाकरी बऱ्याच अंशीं या मतांवर अवलंबून असते.

१. वचन आणि मौन

इंग्लंडांतील गिल्डफर्ड येथें ‘हॅलो गेम्स’ नांवाची एक लहान मंडळी आहे. डिसेंबर २०१३ मध्यें तिनें ‘नो मॅन्स स्काय’ या खेळाची घोषणा केली. त्यांतील विश्व गणिताच्या सूत्रांनीं आपोआप रचलें जाणार होतें, आणि ग्रहांची संख्या १८ पुढें १८ शून्यें मांडावीं एवढी होती. मंडळीचे प्रमुख शॉन मरे यांनीं मुलाखतींतून पुष्कळ गोष्टी सांगितल्या. ऐकणाऱ्यांच्या कल्पनेनें त्यांत आणखी भर घातली. मे २०१६ मध्यें प्रकाशन जूनवरून ऑगस्टवर गेल्याचें जाहीर झालें, तेव्हां मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ज्या वार्ताहरानें ती बातमी प्रथम दिली त्यालाही त्या आल्या. एका खेळाला कांहीं आठवडे उशीर झाला, एवढाच काय तो अपराध!

ऑगस्ट २०१६ मध्यें खेळ बाहेर पडला. पहिल्याच दिवशीं दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागीं पोंचले, आणि एकमेकांस दिसले नाहींत. सांगितलेल्या इतरही कित्येक गोष्टी खेळांत सांपडल्या नाहींत. संतापाची लाट उसळली. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडे तक्रारी गेल्या. जाहिराती दिशाभूल करणाऱ्या नव्हत्या, असा निर्णय तिनें त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दिला. पण नियमांतून सुटलें म्हणजे लोकांच्या मनांतून सुटलें असें होत नाहीं.

हॅलो गेम्सनें जवळजवळ तीन महिने मौन धरलें. आपल्याला फसवून हे लोक निघून गेले, असें गिऱ्हाइकांना वाटलें, आणि तसें वाटल्याबद्दल त्यांना दोष देतां येणार नाहीं. परंतु आंत काम चाललें होतें. नोव्हेंबर २०१६ मध्यें पहिली मोठी सुधारणा आली आणि ग्रहावर स्वतःचें ठाणें बांधतां येऊं लागलें. जुलै २०१८ मधील सुधारणेनें खेळाडूंस एकमेकांच्या सोबतीनें संचार करतां आला. पुढें वर्षानुवर्षें अशा सुधारणा येत राहिल्या, आणि त्यांसाठीं खेळ घेतलेल्यांकडून एक पैसाही अधिक घेतला नाहीं. २०१९ मध्यें खेळाडूंनींच वर्गणी काढून मंडळीच्या कार्यालयाजवळ आभाराचा फलक उभारला. नोव्हेंबर २०२४ मध्यें स्टीमवरील एकूण मतांची गोळाबेरीज ‘अतिशय अनुकूल’ झाली. गेलेला विश्वास परत मिळविण्यास आठ वर्षें लागलीं. मौन कामासाठीं असेल तर तें क्षम्य ठरतें. परंतु आरंभींच थोडें बोलणें हें त्याहून शहाणपणाचें.

२. दुखणें आणि औषध

रोगी पोट दुखतें म्हणून सांगतो तें खरें मानावें. पण औषध कोणतें द्यावें हें वैद्यानें ठरवावें. खेळाडूच्या तक्रारीचेंही असेंच आहे. ‘हा टप्पा फार कठीण आहे’ असें शंभर जण म्हणाले, तर तेथें कांहीं तरी दुखतें आहे हें निश्चित. परंतु टप्पा सोपा करणें हाच उपाय असेल असें नाहीं. कदाचित् सूचना अस्पष्ट असेल, अक्षरें बारीक असतील, किंवा कळ दाबल्यावर पात्र उशिरां हलत असेल. म्हणून जाणता कर्ता खेळाडू काय लिहितात हें वाचतो, आणि ते प्रत्यक्ष कोठें अडतात हेंही पाहतो.

अमेरिकेंतील ‘इनरस्लॉथ’ या तीनचार माणसांच्या मंडळीनें २०१८ मध्यें ‘अमंग अस’ हा खेळ काढला. दोन वर्षें त्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. २०२० मध्यें तो एकाएकीं जगभर पसरला. ऑगस्टांत मंडळीनें खेळाचा दुसरा भाग जाहीर केला. परंतु लोकांना पहिलाच भाग प्रिय आहे हें पाहून सप्टेंबरांत तो बेत रद्द केला, आणि त्यासाठीं योजिलेल्या गोष्टी पहिल्यांतच घालण्याचें ठरविलें. जुन्या रचनेंत फेरफार करणें हें नवीन बांधण्याहून अवघड काम होतें, तरी त्यांनीं तें पत्करलें. ज्यांना रंगांतील भेद ओळखतां येत नाहीं अशा खेळाडूंसाठीं तारा जोडण्याच्या कामांत रंगांबरोबर खुणाही आल्या. असे खेळाडू संख्येनें थोडे. मतांची नुसती मोजणी केली असती तर त्यांचें म्हणणें कधींच वर आलें नसतें.

३. नियमित पत्रव्यवहार

चेकियांतील प्राग शहरीं ‘फॅक्टोरिओ’ हा कारखाने उभारण्याचा खेळ तयार झाला. त्याच्या कर्त्यांनीं २०१३ पासून शुक्रवारीं एक पत्रक प्रसिद्ध करण्याचा पाठ ठेवला. या आठवड्यांत काय झालें, काय अडलें, पुढें काय योजिलें आहे, हें त्यांत मोकळेपणानें लिहिलेलें असे. खेळ २०२० मध्यें पूर्णत्वास गेला. तोंवर खेळाडूंना अपुऱ्या कामाची माहिती होती, म्हणून अवास्तव अपेक्षा वाढण्यास जागा थोडी राहिली.

आपल्या पुण्यांतील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळीचा मार्ग याहून खडतर होता. ‘राजी’ या खेळासाठीं २०१७ मध्यें तिनें इंटरनेटवर लोकवर्गणी मागितली. ती पुरेशी जमली नाहीं. तरी काम न सोडतां २०२० मध्यें तिनें खेळ प्रसिद्ध केला. एवढ्यावर समाधान न मानतां २०२२ मध्यें सुधारलेली आवृत्ति काढली, आणि तींत संवाद हिंदींतही ऐकू येऊं लागले.

४. खेळाडूचें कर्तव्य

येथवर कर्त्यांचें कर्तव्य पाहिलें, आतां तुमचें. तुमच्यापैकीं अनेक जण खेळाविषयीं मत लिहीत असतील. ‘अगदीं टाकाऊ’ या दोन शब्दांनीं कर्त्याला कांहींच शिकतां येत नाहीं. कोणत्या यंत्रावर खेळत होतों, काय करीत होतों, काय व्हावयास हवें होतें आणि काय झालें, या चार गोष्टी क्रमानें लिहिल्या कीं तक्रार उपयोगी ठरते. विज्ञानाच्या वहींत प्रयोग लिहितांना हाच क्रम तुम्ही पाळतां.

दाम मोजून घेतलेल्या वस्तूंत खोट असेल तर ती स्पष्ट बोलून दाखविण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. भिडेखातर खोटी स्तुति करण्याचें कारण नाहीं. मात्र टीका कामावर असावी, माणसावर नसावी. पडद्यामागें कोणी दिसत नाहीं म्हणून तेथें कोणी नाहींच असें समजूं नये. समोरासमोर उच्चारण्याचें धैर्य होणार नाहीं असा शब्द तेथेंही लिहूं नये. पालकांसही विनंती आहे कीं, मूल किती वेळ खेळतें एवढेंच न विचारतां, खेळाच्या मेळ्यांत तें काय लिहितें व काय वाचतें, याचीही त्यांनीं ममतेनें चौकशी करावी.

तुमच्यापैकीं कोणी उद्यां खेळ रचील, कोणी दुकान चालवील, कोणी शिक्षक होईल. लोकांचें बोलणें प्रत्येकाच्या कानीं येणारच. तें शांतपणें ऐकावें, त्यांतलें दुखणें ओळखावें, औषध स्वतः शोधावें, आणि हातून होईल तेवढ्याचेंच वचन द्यावें.