हत्तीची वाट

बैलगाडी हाकताना रस्त्यात जनावर आडवे आले, तर आपण गाडी थांबवतो. जनावर गेले की पुढे निघतो. मोटारीत बसले तरी रीत तीच. पण मोटारीचे चाक हाती आले की माणूस ही रीत विसरतो. आम्हीही विसरणार होतो. ती हकिकत या धड्यात सांगतो.

आफ्रिका खंडाच्या अगदी खालच्या टोकाला दक्षिण आफ्रिका नावाचा देश आहे. आमचा मुलगा तिथे जोहान्सबर्ग शहरात नोकरीला असतो. एका जुलै महिन्यात आम्ही नवरा-बायको त्याच्याकडे गेलो. जुलै म्हणजे आपल्याकडे पेरण्या आणि पाऊस. तिकडे मात्र थंडी पडली होती! पृथ्वीच्या दक्षिण अर्ध्या भागात ऋतू आपल्या उलट असतात. तिथला पाऊस ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत पडतो. जुलैत गवत वाळते, झाडांची पाने झडतात, डबकी आटतात. मग जनावरे पाण्यासाठी नदीकाठी येतात आणि लांबूनही दिसतात. म्हणून जंगल पाहायला हाच काळ चांगला.

मुलगा, सूनबाई, दहा वर्षांचा नातू आणि आम्ही दोघे असे पाच जण मोटारीने निघालो. जायचे होते क्रूगर राष्ट्रीय उद्यानात. उद्यान म्हटले म्हणून फुलबाग समजू नका. हे जंगल उत्तर-दक्षिण सुमारे ३६० किलोमीटर लांब आहे. मुंबईहून कोल्हापूरला जावे, जवळजवळ तेवढे! रुंदी सरासरी ६५ किलोमीटर. या जंगलाचा काही भाग १८९८ साली पहिल्यांदा राखीव झाला. १९२६ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. १९२७ सालापासून तिथे प्रवाशांच्या मोटारी जाऊ लागल्या.

तिथे आपली मोटार आपणच चालवत जंगलात हिंडता येते. बरोबर वाटाड्या लागत नाही. काही रस्ते डांबरी, काही खडी-मातीचे. राहण्यासाठी जागोजागी मुक्कामाचे तळ आहेत. तळाभोवती कुंपण असते. इथली तऱ्हाच उलटी. माणसे कुंपणात आणि जनावरे मोकळी!

फाटकावर परवाना मिळाला. सोबत नियमांचा कागदही मिळाला. मुलगा म्हणाला, “नंतर वाचू. आधी सिंह बघू.”

त्याची आई म्हणाली, “नंतर कधी? सिंहाने विचारल्यावर? आधी वाच, मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे.”

मग त्याने वाचले. त्यातले मुख्य नियम असे :

१. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको.

२. ठरवून दिलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरू नये. खिडकीतून अंग बाहेर काढू नये.

३. कोणत्याही जनावराला खाऊ घालू नये.

४. संध्याकाळी फाटक बंद होण्याच्या आत मुक्कामाच्या तळावर पोचावे. उशीर झाला तर दंड.

नातवाने विचारले, “आजोबा, सिंह गाडीत येत नाही, मग बाहेर उतरलं तर का धरतो?”

प्रश्न चांगला होता. जनावरे रोज गाड्या पाहतात. त्यांना गाडी म्हणजे एक मोठी, निरुपद्रवी वस्तू वाटते. आतली माणसे त्यांना वेगळी दिसत नाहीत. पण दार उघडून कोणी खाली उतरले, की त्यांना माणूस दिसतो. मग जनावर एक तर बुजून पळते, नाही तर अंगावर येते.

खाऊ का घालू नये, तेही ऐका. माकडाला एकदा भाकरी दिली की ते दर गाडीपाशी हात पसरते. न दिल्यास चावते. शेवटी चावऱ्या माकडाला गोळी घालण्याची पाळी येते. आपली हौस होते, जीव त्याचा जातो.

त्या दिवशी आम्ही पुष्कळ पाहिले. जिराफ काटेरी झाडाचा शेंडा खात होता. पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रे होते. नदीत पाणघोडे डुंबत होते. दुपारी स्कुकुझा नावाच्या तळावर आम्ही जेवलो. मुक्काम होता लोअर साबी या तळावर. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. रस्ता साबी नदीच्या काठाने जातो. जुलैत तळाचे फाटक संध्याकाळी साडेपाचला बंद होते. आम्ही चारला निघालो. मुलगा म्हणाला, “तासाभराचा रस्ता आहे. वेळच वेळ आहे.”

पण वाटेत हरणे दिसली, थांबलो. गेंडा दिसला, थांबलो. पाच वाजून गेले. तळ दहा-बारा किलोमीटर राहिला. आणि वळणावर रस्त्याच्या मधोमध हत्ती!

आफ्रिकेचा हत्ती आपल्या हत्तीहून मोठा. कान सुपासारखे नाहीत, चांगले खाटल्याएवढे. मोठ्या नराचे वजन सहा टनांपर्यंत भरते. आमची गाडी दीड टनाचीही नसेल. त्याच्या डोळ्यामागून, कानशिलावरून ओघळ आला होता. मद गळत होता. अशा वेळी नर फार चिडखोर असतो. तो आमच्याकडेच चालत येत होता. मान झटकत होता, कान पसरत होता.

मुलाने घड्याळाकडे पाहिले. “कडेने जागा आहे. पटकन काढतो. फाटक बंद होईल.”

सूनबाई म्हणाली, “अहो, नको.” नातू तर आजीला चिकटून बसला होता.

त्याची आई शांतपणे म्हणाली, “रस्ता त्याचा आहे, बाळा. आपण पाहुणे. मागं घे.”

मुलाने इंजिन बंद केले नाही, भोंगा वाजवला नाही. गाडी हळूहळू मागे घेतली. हत्ती पुढे, आम्ही मागे. असे कितीतरी अंतर गेलो. शेवटी हत्ती वळला, झुडपे मोडीत नदीकडे उतरला. तो दिसेनासा झाल्यावर आम्ही पुढे निघालो. गाडीत कोणी बोलले नाही.

फाटकावर पोचायला दहा मिनिटे उशीर झाला. मुलाने हत्तीचे सांगितले. रखवालदार हसला. म्हणाला, “हत्ती तर रोजच रस्त्यात असतो. त्याच्यासाठी वेळ राखून निघावं.” दंड भरावा लागला. मुलगा हळहळला. आई म्हणाली, “दंडाचे पैसे पुन्हा मिळवशील. कडेने गेला असतास तर काय मिळवलं असतंस?”

आता या जंगलाची दुसरी बाजूही ऐका. जंगल राखायचे म्हणून तिथल्या पुष्कळ काळ्या रहिवाशांना पूर्वी हुसकून लावले होते. जंगलाच्या उत्तर टोकाला, दोन नद्यांच्या मध्ये, माकुलेके लोकांची वस्ती होती. तेव्हा देशात वर्णभेदाचे सरकार होते. १९६९ साली त्या सरकारने त्यांना जबरदस्तीने बाहेर काढले. घरेदारे, शेते, पूर्वजांच्या कबरी मागे राहिल्या. १९९४ साली सगळ्यांना मताचा हक्क मिळाला, सरकार बदलले. हिरावलेल्या जमिनी परत मागण्याचा कायदा झाला. माकुलेके लोकांनी एकजुटीने दावा लावला. १९९८ साली सुमारे चोवीस हजार हेक्टर जमीन त्यांच्या नावे झाली.

मग त्यांनी काय केले? जंगल तोडले नाही. जनावरे मारली नाहीत. जमीन आपली, पण जंगल राहू द्यायचे असे ठरवले. तिथे प्रवाशांसाठी मुक्कामाची ठिकाणे निघाली. त्यांचे उत्पन्न गावाला मिळू लागले, काहींना कामही मिळाले.

आपल्याकडे मेळघाटातल्या आणि ताडोबातल्या काही गावांनाही जंगल सोडून दुसरीकडे वसावे लागले आहे. त्या गावच्या माणसांना माकुलेके लोकांचे दुःख वेगळे सांगायला नको.

हत्तीला त्याची वाट हवी आणि माणसाला त्याची जमीन हवी. दोन्ही राखायचे तर कागद वाचता आला पाहिजे. नियमाचाही आणि हक्काचाही.

विचार करा व सांगा :

१. जुलैत तिकडे जनावरे नदीकाठी का येतात?

२. माकडाला खाऊ घातल्याने माकडाचेच नुकसान कसे होते?

३. तुम्ही गाडी चालवत असता तर काय केले असते?

४. तुमच्या गावच्या जमिनीचे कोणते कागद तुम्ही स्वतः वाचले आहेत?